यंत्राला पांघरूण

नागपुरात एसी दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्याला डिसेंबर हा विसाव्याचा महिना असतो. उन्हाळ्यात पारा ४६-४७ अंशांवर गेला की आम्हाला जेवायला सवड मिळत नाही, आणि थंडीत मात्र दुकानातला मुलगा दिवसभर जुने कूलर पुसत बसतो. त्यामुळे २९ डिसेंबर २०१८ या शनिवारी सकाळी सव्वासहाला फोन वाजला, तेव्हा तो गिऱ्हाइकाचा असेल असे मला वाटलेच नाही. त्या पहाटे नागपूरचे तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. शहराच्या नोंदींतील तो नीचांक ठरला, हे मला नंतर कळले. पलीकडून काटोलकडच्या काकाजींचा आवाज आला, "भाऊ, तुमच्या मशीनमधून धूर निघून राहिला ना. अंदर थंडी हवा येते. गॅस संपला वाटते."

आमच्या धंद्यात 'गॅस संपला' हे वाक्य सर्व रोगांचे एकच निदान म्हणून गिऱ्हाईक वापरते, आणि त्याचा अर्थ यंत्रातला शीतकारक वायू गळला असा असतो. त्या घरात मात्र गॅस दोन होते, ही गोष्ट मी त्या क्षणी लक्षात घ्यायला हवी होती.

काकाजींचे घर गावाबाहेर, संत्र्याच्या वावरातच आहे. त्यांचा मुलगा अमेरिकेत मिनेसोटा राज्याच्या ग्रामीण भागात राहतो. तिकडे नळाने गॅस पोहोचत नाही, म्हणून अंगणात प्रोपेनची मोठी टाकी, घराबाहेर हवेतली उष्णता ओढून आत आणणारा हीट पंप आणि आत प्रोपेनची भट्टी अशी जोड व्यवस्था त्याने केलेली आहे. बाहेरचे तापमान उणे १० च्या आसपास जाईपर्यंत हीट पंप चालतो आणि त्याखाली भट्टी आपोआप पेटते. आईच्या दम्याला आणि गुडघ्यांना थंडी सोसत नाही, म्हणून तशीच सोय इथेही करावी, असा त्याचा आग्रह होता. ऑक्टोबरमध्ये मी त्यांच्या मोठ्या खोलीत दीड टनाचा 'हॉट अँड कोल्ड' एसी बसवला. हा एसी म्हणजे हीट पंपच असतो. त्यातली एक झडप फिरली की शीतकारकाची दिशा उलटते, आणि उन्हाळ्यात आतली उष्णता बाहेर टाकणारे यंत्र हिवाळ्यात बाहेरची उष्णता आत आणू लागते. प्रोपेनच्या जागी काय, हा प्रश्न मुलाने दूरवरूनच सोडवला होता. नागपूरच्या बाजारातून सिलिंडरवर चालणारा, जाळीवर लाल होणारा गॅस हीटर घरच्यांनी आणला होता. तो मी पाहिला होता, पण माझे काम नव्हे म्हणून त्यावर काही बोललो नव्हतो.

कळमेश्वर मागे टाकून काटोल रस्त्याने पुढे गेलो, तेव्हा बागांमधून धुराचे पट्टे जमिनीलगत पसरलेले दिसत होते. मृग बहराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला आलेल्या फुलांची फळे झाडावर असलेल्या बागांना अशा रात्री पाणी देतात आणि बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करतात, म्हणजे थंडीचा मार काहीसा कमी होतो. काकाजींच्या बागेतही रात्रभर पाणी चालू होते. घराभोवतीची हवा त्यामुळे ओलसर झाली होती, आणि हीट पंपाच्या दृष्टीने ही बाब पाऱ्याइतकीच महत्त्वाची होती.

बाहेरच्या हवेतून उष्णता ओढायची, तर बाहेरच्या युनिटची जाळी त्या हवेपेक्षा थंड असावी लागते. हवा ३-४ अंशांवर असताना जाळी शून्याखाली जाते आणि हवेतली वाफ तिच्यावर हिम होऊन बसते. कोरड्या उणे १५ पेक्षा शून्याच्या आसपासची ओली हवा या कामी जास्त त्रासदायक असते, हे ऐकून लोकांना नवल वाटते. हिम साचले की यंत्र स्वतःच काही मिनिटे उलटे फिरते, बाहेरचा पंखा थांबवते, जाळी तापवून हिम वितळवते. तेवढ्या वेळात आतून ऊब येत नाही आणि बाहेर वाफेचा लोट उठतो. काकाजींचा 'धूर' तो होता. बसवताना हे त्यांना सांगायचे मी विसरलो होतो, किंवा खरे सांगायचे तर नागपुरात त्याची वेळ येईल असे मी धरलेच नव्हते.

मात्र मी पोहोचलो तेव्हा ही वितळवण्याची क्रिया पाऊण तासाने किंवा तासाने नव्हे, तर जेमतेम वीस मिनिटांनी होत होती. त्याचे कारण शोधायला कसलेच उपकरण लागले नाही. आउटडोअर युनिटवर निळी ताडपत्री टाकून, तिन्ही बाजूंनी खाली ओढून, सुतळीने बांधलेली होती. समोरचा भाग तेवढा अर्धवट उघडा होता. "दव पडून राहिलं होतं, म्हणून झाकलं. इतकी महागाची मशीन, थंडीनं बिघडली म्हणजे?" काकाजींनी रोपवाटिकेतल्या कलमांवरची ताडपत्री काढून यंत्राला पांघरली होती. पंख्याने बाहेर फेकलेली गार हवा ताडपत्रीच्या आतच फिरून पुन्हा जाळीत शिरत होती, म्हणजे बाहेर ४ अंश असताना यंत्र त्याहून कितीतरी गार हवेतून उष्णता शोधत होते.

मी हसलो, सुतळी कापली आणि जाळीवरचे हिम उतरेपर्यंत तिथेच थांबलो. या दहा मिनिटांबद्दल मला आजही वाईट वाटते, कारण खोलीत जाऊन मी आधी माणसे पाहायला हवी होती.

दार उघडले तर आत दमट, जड हवा कोंडलेली होती. काचांवरून पाणी ओघळत होते. एक किलो एलपीजी जळताना दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपात हवेत सोडते, तेच ते पाणी. झरोक्यांत जुनी धोतरे कोंबलेली, दाराखाली चादर गुंडाळून ठेवलेली, आणि कोपऱ्यात हीटर मंद पिवळ्या ज्योतीने जळत होता. काकू पलंगावर बसून कपाळ दाबत होत्या. "काही नाही हो, रात्री झोप नाही झाली, म्हणून डोकं दुखते आणि मळमळते."

मी आधी हीटर आणि सिलिंडर बंद केला, दोन्ही खिडक्या उघडल्या, आणि दोघांना हात धरून ओसरीवर उन्हात आणले. काकाजींचेही डोके दुखत होते, पण ते त्यांना थंडीचे वाटत होते. गॅस नीट न जळता तयार होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. डोकेदुखी, मळमळ आणि गुंगी हीच काय ती त्याची खूण, आणि तीही थकवा समजून माणूस पुन्हा झोपतो. गड्याला गाडी काढायला सांगून दोघांना मी काटोलच्या डॉक्टरांकडे पाठवले आणि बंद खोलीत गॅस जळत होता, हे चिठ्ठीवर लिहून दिले.

रात्रीचा क्रम मग जुळला. दोनच्या सुमारास वीज गेली, हीट पंप थांबला, म्हणून हीटर पेटवला. तीनला वीज आली, पण ताडपत्रीखाली गुदमरलेल्या यंत्रातून गार वारा येऊ लागला, म्हणून हीटर तसाच राहिला. पहाटेकडे त्याची ज्योत मंदावली. आपला एलपीजी प्रोपेन आणि ब्युटेनचे मिश्रण असतो. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्युटेन मात्र शून्याच्या जवळपास; गॅस ओढला जातो तसा सिलिंडर गार पडतो, प्रोपेन आधी निघून जातो आणि उरलेल्या ब्युटेनला दाब पुरत नाही. मंद, पिवळी ज्योत म्हणजे अपुरे ज्वलन, आणि अपुरे ज्वलन म्हणजे तोच विषारी वायू.

साडेनऊला मुलाचा व्हिडिओ फोन आला. तिकडे रात्रीचे दहा वाजले होते. तो घाबरला होता आणि थोडा चिडलाही होता, कारण त्याच्या मते त्याच्या घरी हेच वर्षानुवर्षे चालले आहे. मी त्याला विचारले, तुमच्या भट्टीचा धूर कुठे जातो? तो म्हणाला, नळीने भिंतीबाहेर. तिथेच सगळा फरक होता. त्याच्या भट्टीत ज्वाला बंदिस्त असते, जळालेला वायू बाहेर जातो आणि खोलीत केवळ तापलेली हवा येते. इथे ज्वाला खोलीतच होती आणि तिचा धूरही.

दुसरी गोष्ट त्याला पटायला वेळ लागला. मिनेसोटात गॅस लागतो, कारण कडाक्याच्या थंडीत हीट पंपाची ताकद घटते आणि घराची गरज वाढते. नागपुरात इतिहासातली सर्वांत थंड पहाटही त्या मर्यादेच्या बरीच वर होती. १४.२ किलोचा सिलिंडर पूर्ण जाळला तर सुमारे १८० युनिटइतकी उष्णता मिळते. तेवढीच उष्णता ३-४ अंशांच्या हवेतून हा पंप साधारण ६० युनिट विजेत आणू शकतो. इथे गॅसचा प्रश्न थंडीचा नव्हता, फक्त गेलेल्या विजेचा होता. आणि वीज गेली की पंख्यावाचून त्याची भट्टीही थांबते, हे त्याने स्वतःच कबूल केले. तासाभरासाठी गरम पाण्याची पिशवी आणि दोन गोधड्या पुरतात, असे मी म्हटले, तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती.

ताडपत्री काढल्यावर आतल्या युनिटमधून येणारी हवा २६ अंशांवरून ४२ वर गेली. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी लावली, झरोके मात्र उघडे ठेवले. खोलीचे छत बारा फूट उंच आहे, ऊब वर चढते, म्हणून हवेच्या झडपा खाली वळवून दिल्या. उन्हाळ्यात उष्णता बाहेर जावी म्हणून बांधलेले हे घर आहे. एसीचे टनेज, म्हणजे त्याची क्षमता काढताना मी फक्त मे महिना डोळ्यासमोर ठेवला होता, हेही मी काकाजींना सांगितले. ते दोघे दुपारी परतले. डॉक्टरांनी काही वेळ प्राणवायू दिला होता आणि काकूंना आता भूक लागली होती.

निघताना हीटर मी गाडीत घातला आणि सिलिंडर स्वयंपाकघरात ठेवला. मशीन उघडी राहिली तर दवाने खराब होणार नाही ना, असे काकाजींनी फाटकापर्यंत येऊन तीनदा विचारले. नाही, असे मीही तीनदा सांगितले. मग ते ताडपत्री काखेत घेऊन कलमांकडे वळले.