जिनिव्हा: सरोवरापासून टेकडीपर्यंत राष्ट्रसंघाच्या मागावर

जिनिव्हाचं उंच कारंजं बघून झालं की लोक ट्रामने वर जातात, झेंड्यांच्या रांगेसमोर फोटो काढतात आणि 'युनो बघितलं' म्हणत परततात. त्यात फारसं काही बघून होत नाही. राष्ट्रसंघ (पहिल्या महायुद्धानंतर निघालेली, युनोच्या आधीची संस्था), मजूर संघटना, रेड क्रॉस ही विसाव्या शतकाची मोठी खटपट इथे जेमतेम चार किलोमीटरच्या पट्ट्यात सामावली आहे. सरोवराकडून टेकडीकडे चालत गेलं तर ती समजेल अशा क्रमाने लागते. थेट वर गेलं की मधलं सगळं चुकतं.

वार मंगळवार ते शुक्रवार यांतलाच धरा. रेड क्रॉसचं संग्रहालय सोमवारी बंद असतं आणि शनिवार-रविवारी संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत प्रवेशाचा भरवसा नसतो. तिथली फेरी मार्गदर्शकाबरोबरच होते, तिचं आरक्षण आधी ऑनलाइन करावं लागतं. वेळ दुपारची घ्या, म्हणजे सकाळ चालायला मोकळी राहते. मूळ पासपोर्ट खिशात हवा, झेरॉक्स चालत नाही. मोठी सॅक हॉटेलातच ठेवा, नाहीतर तपासणीच्या दारात अडकाल.

कॉर्नाव्हँ स्टेशनातून उतरून सरोवर गाठायचं आणि पाणी उजव्या हाताला ठेवून काठाने चालत राहायचं. पहिला मुक्काम पॅले विल्सन. मूळचं हे एक हॉटेल. राष्ट्रसंघ १९२० साली जन्माला आला तेव्हा त्याला स्वतःचं घर नव्हतं, म्हणून हे हॉटेल घेऊन त्यात सचिवालय थाटलं. १९२४ साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष वुड्रो विल्सन वारले आणि इमारतीला त्यांचं नाव मिळालं. सरोवराकडच्या भिंतीवर एक पाटी आहे, तिच्यावर त्यांना राष्ट्रसंघाचे संस्थापक म्हटलंय. त्यांचा स्वतःचा देश मात्र राष्ट्रसंघात कधीच आला नाही, तिथल्या सिनेटने करारच नाकारला. पुढे टेकडीवरही विल्सन यांचं एक स्मारक लागतं, तेव्हा ही पाटी आठवा.

इमारत १९८७ च्या आगीत होरपळली. दुरुस्तीनंतर १९९८ साली तिथे संयुक्त राष्ट्रांचं मानवाधिकार कार्यालय आलं. आत जाता येत नाही, बाहेरून पाच मिनिटं पुरतात. या पत्त्यावरून राष्ट्रसंघाने काय काय केलं त्यातलं एकच सांगतो. रशियातल्या क्रांतीनंतर लाखो माणसं बिनादेशाची झाली होती. राष्ट्रसंघाचे निर्वासितांसाठीचे आयुक्त फ्रित्यॉफ नान्सेन यांनी त्यांच्यासाठी १९२२ साली एक ओळखपत्र काढलं, तोच नान्सेन पासपोर्ट. त्यावर पाच सुवर्ण फ्रँकचं तिकीट चिकटवावं लागे आणि तो पैसा पुन्हा निर्वासितांच्याच कामी येई. राष्ट्रसंघ म्हणजे नुसता फज्जा असं शाळेत शिकवतात. मला तो निकाल घाईचा वाटतो.

काठाची बाग ओलांडत आणखी किलोमीटरभर गेलं की सेंटर विल्यम रॅपार्ड. आता इथे जागतिक व्यापार संघटना आहे, पण १९२६ साली ही वास्तू आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेसाठी बांधली. फाटकाची गोष्ट माहीत असेल तरच इथे थांबण्यात अर्थ आहे. त्याला तीन किल्ल्या: एक सरकारची, एक मालकांची, एक कामगारांची. संघटनेची सगळी रचनाच या तिघांवर बेतलेली आहे. प्रत्येक देशाकडून सरकारचे दोन, मालकांचा एक आणि कामगारांचा एक असे चार प्रतिनिधी परिषदेत बसतात, आणि प्रत्येकाला स्वतंत्र मत असतं. कामगाराने आपल्याच सरकारच्या विरोधात मत दिलं तरी ते चालतं. राष्ट्रसंघात असं काही नव्हतं.

भारत या संघटनेत पहिल्यापासून होता. १९१९ ची पहिली परिषद वॉशिंग्टनला भरली, तिथे भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते ना. म. जोशी. त्याच परिषदेत दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांचा ठराव झाला. त्यातलं दहावं कलम वाचून बघा, ब्रिटिश हिंदुस्थानसाठी आठवड्याला साठ तासांची मुभा आहे.

सत्तरच्या दशकात मजूर संघटना टेकडीवरच्या नव्या इमारतीत गेली आणि गॅटचे, म्हणजे व्यापार संघटनेच्या आधीच्या जागतिक व्यापार कराराचे, लोक इथे आले. श्रमाची महती सांगणारी भित्तिचित्रं व्यापाराच्या वाटाघाटींना शोभेनात, तेव्हा त्यातली काही झाकून टाकली. अलीकडच्या दुरुस्तीत ती पुन्हा उजेडात आली. आत प्रवेश सहसा नसतो, पण जेम्स व्हिबर्टचं 'मानवी प्रयत्न' हे शिल्प बाहेरूनही दिसतं.

इथून चढ लागतो. वनस्पती उद्यानाच्या बाजूने वर गेलं की वीसेक मिनिटांत प्लास दे नासिओं हा चौक. तीन पायांची ती प्रचंड लाकडी खुर्ची इथेच आहे. बारा मीटर उंच, साडेपाच टन वजनाची, दानिएल बेर्से यांनी घडवलेली. भूसुरुंगांवर बंदी आणणाऱ्या करारासाठी दबाव म्हणून १९९७ साली ती उभी केली, तात्पुरती. अजून तिथेच आहे. सुरुंगाने उडालेला पाय म्हणजे तो चौथा पाय. एवढं कळलं की पुढे निघायचं.

नवखे हमखास चुकतात ते या चौकात. समोर झेंडे, समोर संयुक्त राष्ट्रांचं फाटक, म्हणून लोक तिथेच रांग शोधतात. पाहुण्यांचं दार हे नाही. डावीकडून अव्हन्यू द ला पे हा रस्ता आणखी वर चढतो, त्याने दहा मिनिटं गेलं की प्रेग्नी फाटक, आणि आत शिरायचं ते तिथून. तपासणीला वेळ लागतो, म्हणून चौकातून निघतानाच हातात पाऊण तास ठेवावा.

आतल्या बागेचं नाव आरिआना. गुस्ताव्ह रेव्हिलियो नावाच्या धनिकाने १८९० साली मृत्युपत्राने ती शहराला दिली. मोर मोकळे फिरले पाहिजेत अशी त्याची अट असल्याचं सांगतात, आणि मोर आहेत खरे. संयुक्त राष्ट्रांची आजची इमारत मुळात राष्ट्रसंघाची. तिच्या आराखड्यांसाठी स्पर्धा झाली तेव्हा ३७७ प्रवेशिका आल्या, पण परीक्षकांचं एकमत होईना. प्रसिद्ध वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिएचा आराखडा शाईने काढलेला मूळ नसून छापील प्रत आहे, एवढ्या कारणावरून बाद झाला. शेवटी चार देशांच्या पाच वास्तुविशारदांना एकत्र बसवलं. वास्तू बघताना हे जाणवतं: भव्य आहे, लांबच लांब आहे, कोणाचीच नाही. पायाचा दगड १९२९ चा. कचेरी १९३६ मध्ये राहायला आली, तेव्हा राष्ट्रसंघाची पत निम्मी संपलेली होती.

मोठ्या सभागृहात बसलं की हटकून कोणीतरी म्हणतं, इथिओपियाचे सम्राट हायले सेलासी इथेच बोलले. नाही. इटलीने इथिओपिया गिळल्यावर त्यांनी ३० जून १९३६ रोजी भाषण केलं, इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या मारून गोंधळ घातला, हे खरं. पण तेव्हा हे सभागृह तयारच नव्हतं. ते भाषण झालं शहरातल्या निवडणूक भवनात. ती वास्तू १९६४ साली जळाली आणि त्या जागी आज विद्यापीठाची युनी द्युफूर ही इमारत आहे. या नव्या सभागृहातलं पहिलं अधिवेशन १९३७ चं. अध्यक्ष होते आगाखान, पुण्यातल्या पॅलेसवाले.

फेरीत एकाच खोलीत जास्त वेळ मिळणार असेल तर तो कौन्सिल चेंबरमध्ये घालवा. होझे मारिया सेर्त यांची भित्तिचित्रं सोनेरी आणि काळपट तपकिरी रंगांत चारही बाजूंनी अंगावर येतात. छताकडे बघा: पाच प्रचंड हात मनगटांपाशी गुंफलेत, पाच खंडांचे. ही स्पेनची भेट. चित्रं १९३६ साली लागली तेव्हा खुद्द स्पेनमध्ये यादवी सुरू झालेली होती. निःशस्त्रीकरणाची परिषद आजही याच खोलीत बसते.

बाहेर हिरवळीवर पॉल मॅनशिपचा कांस्याचा खगोल आहे. विल्सन यांचं दुसरं स्मारक ते हेच. पूर्वी तो फिरायचा, आता थांबलाय. नूतनीकरणाचं काम २०१७ पासून चालू असल्याने फेरीचा मार्ग बदलत असतो. एखादं दालन बंद निघालं तर मार्गदर्शकाशी वाद घालून उपयोग नाही.

प्रेग्नी फाटकातून बाहेर पडलं की समोरच्या बाजूला रेड क्रॉसचं संग्रहालय. इथे दोन तास हवेत. कौटुंबिक संपर्काचं दालन बुर्किना फासोत जन्मलेले फ्रान्सिस केरे यांनी रचलंय. आत शिरताना लोंबत्या साखळ्यांचा पडदा बाजूला सारावा लागतो. आत पेट्याच पेट्या, आणि पेट्यांत कार्डं. पहिल्या महायुद्धातल्या वीस लाख कैद्यांची साठ लाख कार्डं.

युद्धात बेपत्ता झालेला माणूस शोधायचं काम कसं चालायचं ते इथे नीट कळतं. शत्रूदेश आपल्याकडच्या कैद्यांच्या याद्या जिनिव्हाला पाठवी. दुसरीकडून घरच्यांची पत्रं येत: 'आमचा मुलगा अमुक पलटणीत होता, दोन महिने खबर नाही.' यादीतल्या प्रत्येक नावाचं एक कार्ड, प्रत्येक चौकशीचं एक कार्ड, आणि सगळी अक्षरवारीने एकाच रांगेत. दोन कार्डं शेजारी आली की माणूस सापडला. अडचण नावांच्या स्पेलिंगमध्ये. जर्मन कारकुनाने कानावर पडलेलं फ्रेंच नाव आपल्या पद्धतीने लिहिलं की दोन कार्डं एकमेकांपासून हातभर लांब जात, आणि ती जुळवायला अनुभवी डोळाच लागे. हे काम शहरातल्या राथ संग्रहालयात बसून शेकडो स्वयंसेवक करत. फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ हे त्यांतले एक.

ही कार्डं आता रेड क्रॉस समितीच्या संकेतस्थळावर चित्ररूपात आहेत. नाव शोधायचं असेल तर आडनाव दोन-तीन प्रकारे लिहून बघा, कारण चूक त्या काळचीच आहे. संग्रहालयातून खाली जायला बसथांबा दारातच आहे, आपिया नावाचा. लुई आपिया म्हणजे १८६३ साली रेड क्रॉस उभी करणाऱ्या पाच जणांपैकी एक. पाय दुखत नसतील तर चालत चौकापर्यंत उतरा आणि पंधरा नंबरची ट्राम घ्या. उताराला दहा मिनिटंही लागत नाहीत.