एबीएस काढलं, दिवा ठेवला

माझ्या गॅरेजला आलेली मोटारसायकल २०१४ सालची, अडीचशे सीसी, पुढे-मागे डिस्क, दोन्ही चाकांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. तक्रार अशी : पुढचा लिव्हर झटकन दाबला तर ब्रेक चांगला लागतो, पण सिग्नलला दाबून धरला की दहा-बारा सेकंदांत बोट हँडलच्या रबराला टेकतं. बाहेर कुठेही थेंब नाही. मीटरवर एबीएसच्या दिव्याच्या जागी काळी चिकटपट्टी.

पट्टी आधीच्या गॅरेजची. त्यांनी फ्यूज काढला, दिवा लागून राहिला म्हणून पट्टी लावली आणि ‘एबीएस काढलं’ म्हणून पैसे घेतले. फ्यूज काढल्यावर फक्त वीज बंद होते. ब्रेक ऑइल त्याच मॉड्युलेटरमधून, म्हणजे लाइनच्या मध्ये बसलेल्या एबीएसच्या डब्यातून, जात राहतं. आत प्रत्येक चाकाला दोन व्हॉल्व्ह असतात. वीज नसताना आत येणारा उघडा आणि बाहेर सोडणारा बंद, म्हणजे ब्रेक साध्या गाडीसारखा लागतो. त्यामुळे निव्वळ सेन्सर बिघडला असेल तर फ्यूज काढूनही गाडी थांबते, सगळं उपसायची गरज नसते. इथे मात्र तो सोडणारा व्हॉल्व्हच नीट बसत नव्हता. दाब हळूहळू पलीकडच्या छोट्या साठवणीच्या कप्प्यात झिरपत होता, फ्यूज असो वा नसो.

हे अंदाजाने बोलून चालत नाही, कारण मास्टर सिलेंडरचं, म्हणजे लिव्हरपाशी ऑइलला दाब देणाऱ्या भागाचं, रबर गेलं तरी लिव्हर असाच खाली जातो. म्हणून मास्टरचा बँजो बोल्ट, म्हणजे ब्रेकची नळी (होज) जोडणारा पोकळ बोल्ट, काढून तिथे प्लग बसवला, हवा काढली. लिव्हर दगड. पाच मिनिटं दाबून धरला, केसभर हलला नाही. मग मॉड्युलेटर वगळून मास्टर ते कॅलिपर (डिस्कला पकडणारा भाग) तात्पुरता सरळ होज जोडला. तरीही दगड. राहिलं काय, तर मधला डबा.

“मिस्त्री, काढूनच टाका की ते. वजन पण कमी होतंय म्हणं,” असं मालकाचं म्हणणं. पोरगा सांगलीजवळच्या सांगलवाडीचा. वजनाची गोष्ट जुन्या काळची आहे. १९८८ साली बीएमडब्ल्यूच्या के १०० ला पहिल्यांदा एबीएस आलं, ते ११ किलोच्या घरात होतं. आताचा डबा किलोभरही नसतो. काढायचं कारण एकच होतं, नवीन मॉड्युलेटरचा भाव गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याला भिडत होता. त्याआधी ब्रेक ऑइलच्या दोन बाटल्या ओतून धुऊन पाहिलं, स्कॅनरने व्हॉल्व्ह उघडझाप करून पाहिले. एक दिवस लिव्हर टिकला, दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली.

हे मॉडेल एबीएसशिवायही विकलं जायचं, म्हणूनच काम घेतलं. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, तसल्या गाडीला मी हात लावत नाही. जुन्या गाडीलाही मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, आणि विमावाला क्लेमच्या वेळी काय बोलेल ते वेगळंच. आरटीओत आणि विमा कंपनीत आधी विचार, असं सांगितलं आणि बिलावर ‘एबीएस बंद केले आहे, दुरुस्त केलेले नाही’ असं लिहून सही घेतली.

होजवर मात्र अडलो. कुपवाड एमआयडीसीत ऊसतोड मशीनचे, जेसीबीचे होज पाच मिनिटांत क्रिंप करून मिळतात, आणि बरेच मेकॅनिक तिथूनच आणतात. तो होज कितीही जाड दिसू द्या, आतलं रबर मिनरल तेलासाठी असतं, नायट्राइल. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं, त्यात नायट्राइल फुगतं आणि मऊ पडतं. ब्रेकला ईपीडीएम रबराचा किंवा टेफ्लॉन अस्तराचा स्टील जाळीचाच होज लागतो. अंगावर एसएई जे १४०१ हे ब्रेक होजचं मानक छापलेलं असतं, ते वाचून घ्यायचं. दुसरा जुगाड म्हणजे मॉड्युलेटरचे आतले-बाहेरचे जुने होज युनियनने (जोडतुकड्याने) एकमेकांना जोडणे. जोड वाढतात आणि टाकीखालच्या उंचवट्यावर हवा अडकून बसते. मी बिनएबीएस मॉडेलचे दोन्ही होज मागवले, चार दिवस गेले. मास्टरवरचा बोअरचा, म्हणजे आतल्या व्यासाचा, आकडाही जुळवला, काही गाड्यांत एबीएसवाला मास्टर वेगळा असतो.

होज लावताना पुढचं चाक उचलून शॉकअप पूर्ण लांब होऊ द्यायचा, हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवायचं आणि मगच क्लिप आवळायच्या. एबीएस असताना एका लाइनला चार जोड असतात, आता दोन. प्रत्येक जोडाला तांब्याचे दोन वायसर, म्हणजे पुढे-मागे मिळून आठ, सगळे नवे. जुना वायसर एकदा दबलेला असतो, दुसऱ्यांदा नीट बसत नाही. बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे. १० मिलिमीटरचे बँजो बोल्ट १.० आणि १.२५ अशा दोन आट्यांचे येतात, चुकीचा घुसवला की कॅलिपरचं ॲल्युमिनियम गेलं. ऑइल सीलबंद बाटलीतलं डॉट ४. टाकीवर सांडलं तर लगेच पाणी मारायचं, रंग खातं. हवा काढायच्या निप्पलला आठचा पाना. हवा काढून झाल्यावर लिव्हर रात्रभर पट्ट्याने बांधून ठेवला, सकाळी जोडांना टिश्यू लावून पाहिला. कोरडा.

मागचा ब्रेक चांगला होता, तरी मागची लाइनही बदलली. कारण डब्याची तोंडं उघडल्यावर एकात इअरबड फिरवून काढला, तो करड्या, ओल्या राखेने माखून आला. ॲल्युमिनियम आतून खाल्लं गेलं होतं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा ही गाडी हँडलपर्यंत पाण्यात उभी होती. त्या महिन्यात आम्ही सगळ्यांनीच इंजिन ऑइल दोन-दोन, तीन-तीनदा बदललं. ब्रेक ऑइल पाणी शोषतं, ते दोन वर्षांनी असंही बदलायचं असतं, पण ती बाटली कुणी मागितली नाही आणि आम्हीही दिली नाही.

डबा काढून बाजूला ठेवला आणि गाडी फिरवली, तर मीटर शून्यावर! या गाडीत स्पीडचा सिग्नल चाकाच्या सेन्सरकडून एबीएसच्या ईसीयूमार्फत, म्हणजे त्या डब्यावरच्या कंट्रोल युनिटमार्फत, मीटरला जातो. वायरिंग कापलं नव्हतं म्हणून वाचलो. डबा परत जागेवर बसवला, चारही तोंडं प्लगने बंद केली आणि कपलर जोडला. त्याच्या मोटरचा मोठा फ्यूज तेवढा काढून ठेवला, नाहीतर कोरडा पंप फिरला असता. मीटर चालू झालं, दिवा लागून राहिला. कुठल्या गाडीत हे जमेल ते तिचा वायरिंग डायग्राम पाहूनच ठरवावं लागतं.

रविवारी सकाळी एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर आधी २०, मग ४० च्या वेगाने दाबून पाहिला. पुढचा ब्रेक जुन्या सवयीपेक्षा धारदार. मागचं चाक ४० लाच लॉक होऊन घसरलं. हे मालकाला मागे बसवून दाखवलं, कारण हंगामात ऊसाच्या ट्रॉल्या शेतातली माती डांबरावर आणून टाकतात आणि त्याचा रोजचा रस्ता तोच आहे.

जुना मॉड्युलेटर चांगला मिळेपर्यंत थांबायला सांगायला हवं होतं का, हे अजून डोक्यात आहे. पूर न पाहिलेला डबा मिळाला तर नवे होज काढून तो बसवायला अर्धा दिवस पुरेल, म्हणून जुने होज, ब्रॅकेट आणि तो फ्यूज पिशवीत घालून त्याच्याकडे दिलेत. परवा तो चेन घट्ट करायला आला होता. “तेवढा दिवा बंद करा की, डोळ्यात खुपतोय,” म्हणाला. चेन घट्ट करून दिली.