कुंडलिकेच्या काठी तंबू आणि गळ: रवाळजे परिसरातील दोन रात्रींचा वृत्तांत

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण, म्हणजे मी, माझे यजमान, अकरा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि माझे सासरे, ज्यांना घरात सगळेच अण्णा म्हणतात, शुक्रवार ते रविवार असे कुंडलिका नदीच्या काठी तंबू ठोकून राहिलो. अण्णांचे बालपण कोकणात नदीवर गळ टाकण्यात गेले आहे आणि नातवंडांना ते एकदा शिकवावे अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. पुण्याहून मुळशी, ताम्हिणी घाट, विळे आणि तेथून कोलादच्या रस्त्याने रवाळजे हे अंतर सुमारे १०० किलोमीटर आहे. वाटेत जेवण धरून आम्हाला साडेतीन तास लागले. घाटात मोबाइलला बराच वेळ रेंज नसते, त्यामुळे मुक्कामाच्या जागेचा पत्ता आणि जागामालकांचा क्रमांक आधीच कागदावर लिहून घ्यावा.

ही नदी समजून घेतल्याशिवाय तिच्या काठी राहू नये, हे मला सर्वांत आधी सांगावेसे वाटते. पावसाळा संपल्यावर कोकणातल्या बहुतेक नद्या डबक्यांपुरत्या उरतात, पण कुंडलिका उन्हाळ्यातही वाहते, याचे कारण तिच्यातले पाणी मुख्यतः मुळशी धरणाचे असते. मुळा नदीचे हे पाणी खरे तर भीमा आणि कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागराकडे जायचे, परंतु ते सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरवले जाते आणि तेथून कुंडलिकेत येऊन रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. हे केंद्र १९२७ पासून चालू आहे. ज्या धरणामुळे ते शक्य झाले, त्याच्याविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला होता. वाटेत अण्णांनी मुलांना ती हकीकत सांगितली आणि मुळशीचा जलाशय मागे पडेपर्यंत मुले खिडकीला नाक लावून पाण्याखालची गावे शोधत होती.

विजेसाठी वापरलेले हे पाणी रवाळजे येथील बंधाऱ्यातून सोडले की नदी थोड्या वेळात चढते. सुट्टीच्या दिवशी सकाळी याच पाण्यावर राफ्टिंग चालते. आम्ही शुक्रवारी चारच्या सुमारास पोहोचलो तेव्हा पात्र शांत होते आणि काठाला स्वच्छ, सपाट वाळूचा पट्टा उघडा पडला होता. मुलांना तीच जागा आवडली, मलाही आवडली आणि आम्ही तंबूचे कापड पसरायलाही सुरुवात केली. तेवढ्यात ज्यांच्या शेतात आमची गाडी उभी होती ते काका खाली आले आणि म्हणाले, "ताई, इथे नका लावू. सकाळी इथे पाणी येतं." वरवर कोरडी दिसणारी ती वाळू चार बोटे उकरली तेव्हा खाली ओलीच लागली. आम्ही सामान उचलून दीड पुरुष उंचीच्या वरच्या बांधावर, आंब्याच्या झाडापासून थोडे दूर, तंबू उभा केला. शनिवारी सकाळी आठनंतर मुलीने मला हाक मारून दाखवले, तेव्हा वाळूचा पट्टा पूर्ण नाहीसा झाला होता आणि तेथून गढूळ, वेगवान पाणी वाहत होते. आदल्या संध्याकाळी मुले जेथे पाय पसरून बसली होती ती जागा ओळखूही येत नव्हती. तो क्षण मी अजून विसरलेली नाही.

म्हणून जाणाऱ्यांनी पाणी सोडण्याची वेळ गावातच विचारून घ्यावी. ती रोज एकच असते असे समजू नये, कारण रविवारी आम्हाला पाणी शनिवारपेक्षा बरेच उशिरा चढलेले दिसले. खडकांवरची ओलीची किंवा शेवाळाची रेघ पाहून तिच्या बऱ्याच वर तंबू लावावा. पात्राच्या मधल्या खडकांवर कोणीही, मोठ्यांनीही, बसू नये. मुलांच्या अंगात जीवरक्षक जाकीट पाण्याजवळ असेपर्यंत कायम असावे. तंबू आणि पाणी यांच्या मध्ये आम्ही एक आडवी दोरी बांधली होती आणि मोठे माणूस सोबत असल्याशिवाय मुलांनी ती ओलांडायची नाही असा नियम केला होता, तो त्यांनी मनापासून पाळला.

मासेमारीचे वेळापत्रकही पाण्यानेच ठरवले. पाणी चढलेले असताना गळ टाकण्यात अर्थ नव्हता, कारण प्रवाह दोरीच ओढून नेत होता. दुपारनंतर पाणी उतरले की खडकांच्या आडोशाला संथ डोह तयार होत आणि साडेचार ते सूर्यास्त ही वेळ सर्वांत चांगली ठरली. अण्णांनी बांबूच्या दोन काठ्या, तंगूस म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, लहान गळ आणि शिशाचे मणी घरून आणले होते. तरंगण्यासाठी मोरपिसाच्या दांडीचा तुकडा बांधला होता. गांडुळे काकांच्या गोठ्यामागच्या ओल्या मातीत मिळाली. ती संपल्यावर कणकेत थोडी हळद घालून केलेल्या घट्ट गोळ्याही चालल्या. अण्णांनी प्रत्येक गळाच्या टोकाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केला होता, त्यामुळे मासा फार न दुखावता सोडवता येतो आणि चुकून मुलांच्या बोटात गळ गेला तरी तो सहज निघतो. ही एक गोष्ट प्रत्येक पालकाने करावीच.

मुलाला पहिला तास काहीच लागले नाही, तरी तो उठला नाही. अण्णा त्याला हळू आवाजात एवढेच सांगत होते की पीस थरथरले तर थांबायचे आणि खाली ओढले गेले तरच काठी उचलायची. दोन दिवसांत मिळून सात चिलापी आणि एक लहान मरळ लागली. मरळ आम्ही लगेच सोडून दिली. चिलापी मूळची आफ्रिकेतली, आपल्या नद्यांत येऊन पसरलेली, त्यामुळे ती खायला घेताना मनात किंतु नव्हता. तिच्या पाठीवरचे काटे बोचतात, म्हणून हात डोक्याकडून शेपटीकडे फिरवत काटे दाबून मगच तिला पकडावे. जून-जुलैत, पहिल्या पावसाबरोबर मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात, तेव्हा मात्र गळ घरीच ठेवावा. रायगडात त्या माशांना वलगणीचे मासे म्हणतात आणि ते पकडण्याची जुनी हौस आहे, पण अंड्यांनी भरलेला मासा मारणे मला पटत नाही. याच जिल्ह्यात महाडजवळच्या वाळण कोंडीत देवीचे मासे म्हणून लोक एकही मासा धरत नाहीत, हे मुलांना सांगितल्यावर मरळ सोडण्याचे त्यांना वाईट वाटले नाही.

शनिवारी रात्री काकांच्या घरच्यांनी आम्हाला पोपटी करायला शिकवले. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ आणि ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे आणि अंडी, पुन्हा पाला ठासून तोंड बंद, आणि मडके उपडे ठेवून भोवती पेंढा व काटक्यांचा जाळ. पाण्याचा थेंबही नाही. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडले की ते चट्कन उडून गेले, तीच झाल्याची खूण. कोकमाचे आगळ, हळद, तिखट लावून तांदळाच्या पिठात घोळवलेली चिलापी सोबत तव्यावर होती. वालाच्या शेंगा थंडीतच मिळतात, म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा.

रात्री दव इतके पडते की तंबूचे बाहेरचे आवरण पहाटे निथळत असते, म्हणून ते आतल्या कापडाला टेकणार नाही असे ताणून बांधावे आणि खाली जाड ताडपत्री घालावी. कोकणात फुरसे हा विषारी साप आढळतो. अंधारात विजेरी आणि बंद बुटांशिवाय बाहेर पाऊल टाकू नये, सकाळी बूट झटकून घालावेत आणि तंबूची चेन कायम लावलेली ठेवावी. उपजिल्हा रुग्णालये रोहा आणि माणगाव येथे आहेत. शौचासाठी काकांच्या घरचे शौचालय वापरण्याची सोय आम्ही आधीच ठरवली होती, आणि जागा निवडताना हे पहिल्यांदा विचारावे, विशेषतः मुली आणि वृद्ध सोबत असतील तर.

तुटलेल्या तंगूसचा तुकडा काठावर सोडू नये, कारण तो कुजत नाही आणि पक्ष्यांच्या पायात अडकतो. आमच्या मुलीने दोन दिवसांत इतरांनी टाकलेल्या तंगूसची मूठभर गुंडाळी गोळा केली आणि ती आम्ही पुण्याला आणली. रविवारी तीन वाजता निघालो, म्हणजे ताम्हिणी उजेडात ओलांडता आला. तंबू मात्र दमटच गुंडाळावा लागला, तो घरी आल्यावर दोन दिवस गच्चीवर पसरून वाळवला.