अ‍ॅडमिनचा पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?

जळगावच्या एमआयडीसीतल्या एखाद्या चटई कारखान्यात नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं की आधी किंमत विचारली जाते, मग जीएसटी रिटर्न त्यातून निघतं का ते. चुकलेल्या बिलाबद्दल शेटजींना कोण सांगील भो, हे कोणी विचारत नाही. घोडं तिथेच पेंड खातं.

ई-इनव्हॉइसचंच घ्या. ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना धंद्यातल्या नोंदणीकृत ग्राहकाचं बिल १ ऑगस्ट २०२३ पासून पोर्टलवर नोंदवावंच लागतं. आयआरएन, म्हणजे पोर्टलने बिलाला दिलेला नोंदणी क्रमांक, निघाल्यावर त्या बिलात दुरुस्ती करता येत नाही. २४ तासांच्या आत रद्द मात्र करता येतं आणि तोच बिल नंबर पुन्हा चालत नाही. २४ तास उलटले की क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी करणारा कागद, काढायची, पार्टीला फोन करायचा, दोघांच्या रिटर्नमध्ये मेळ बसवायचा. आता चूक झाली की चारचौघांत पाणउतारा होणाऱ्या पेढीवर अकाउंटंट काय करील? उद्या बघू म्हणून गप्प बसेल. पोर्टलने दिलेले २४ तास भीतीत जातात. उपाय फुकटचा आहे: रोज संध्याकाळी साडेसहाला दिवसभराची बिलं दुसऱ्या माणसाने डिस्पॅचच्या चलनाशी ताडायची. चूक त्याच दिवशी सांगितली तर बोलणी खायची नाहीत, हे शेटजींनी स्वतः सांगायचं. मॅनेजरच्या तोंडून सांगितलेलं कोणी खरं मानत नाही.

दुसरी गोष्ट पासवर्डची. कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद न करता येणारा एडिट लॉग लागतो. प्रोप्रायटर आणि भागीदारी पेढीला हा नियम नाही, पण लॉग सगळ्यांच्याच कामाचा. तो कोणी, कधी, काय बदललं ते लिहून ठेवतो. मात्र चौघंही ‘अ‍ॅडमिन’ म्हणूनच लॉगिन करत असतील तर प्रत्येक ओळीत एकच नाव येणार. कायदा पाळला गेला, कळलं काहीच नाही.

पासवर्ड फुटतो तो चोरीने नव्हे, लग्नसराईत. शेटजी वरातीत, गाडी गेटवर उभी, बिल अडलेलं. मग पासवर्ड फोनवरच सांगितला जातो आणि पुढची दोन वर्षं तोच चालतो. म्हणून प्रत्येकाचा युजर वेगळा करा. मंजुरीचा दुसरा माणूस आधीच नेमा, त्याची रकमेची मर्यादा ठरवा. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये युजरच्या रोलमध्ये मागच्या तारखेची नोंद किती दिवसांपर्यंत चालेल ते ठरवता येतं; तिथे ३ टाका. पुतण्याला सवलत दिली की तो आकडा आठवड्यात ३० होतो, हेही लक्षात असू द्या.

नवी कल्पना मात्र बहुधा केबिनमध्ये जन्मत नाही. शिफ्टचा माणूस मोबाइलवरच्या शीटमध्ये प्लास्टिकचा दाणा किती टाकला, चटई किती निघाली, वेस्ट किती पडलं हे लिहीत असतो. कोणी सांगितलेलं नसतं. ती शीट बंद करू नका. ऑफिसच्या फोल्डरमध्ये आणा, सूत्रं दुसऱ्या एकाला समजावून द्यायला सांगा, नाहीतर तो नोकरी सोडताना शीटही जाते. मग एकाच लाइनवर १५ दिवस रजिस्टर आणि शीट दोन्ही चालवा. दिवाळीच्या घाईत आणि मार्चअखेरीला नको. वेस्टचा आकडा रोज बरोबर ५० किलोच येत असेल तर वजन कोणी करत नाही, रागावण्यापासून वाचण्यापुरता आकडा लिहिला जातोय. अशा आकड्यांवर कितीही देखणा डॅशबोर्ड बांधा, तो खोटंच दाखवील.

बॅकअपबद्दल एवढंच: लक्ष्मीपूजनाला वहीशेजारी लॅपटॉपही मांडतात, पण बॅकअपचा पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात असतो. एक प्रत इमारतीबाहेर ठेवा आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या मशीनवर उघडून जुनं एखादं बिल सापडतं का ते बघा. हे काम अकाउंटंटला नको, ज्याने बॅकअप घेतलेला नाही अशालाच द्या.