सांगलीहून आणलेली फियाट

तीन खेपा झाल्या, तेव्हा गाडी दारात आली. १९८४ ची प्रीमियर पद्मिनी, किंमत १ लाख ४० हजार. आरसी बुकात काहीही असो, आमच्या घरात ती फियाटच. लहानपणी आजोबांच्या फियाटमध्ये मागच्या सीटवर आम्ही पाच पोरं मावायचो. तेव्हापासून मला हीच हवी होती.

पहिल्या शनिवारी पहाटे मामांना घेऊन पुण्याहून निघालो. मामांची तीस वर्षं गॅरेजमध्ये गेली आहेत. साताऱ्याजवळची गाडी फोटोत झकास होती. आम्ही पोहोचलो तेव्हा इंजिन चालूच होतं. मामांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तापलेलं इंजिन गोडच वाजतं. गार असताना चोक ओढल्यावर ते कसं उठतं आणि धूर कुठल्या रंगाचा येतो, हे बघायला हवं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. म्हणून मालकाला आदल्या दिवशीच सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका.

मग मामांनी ड्रायव्हरच्या पायाखालचं रबरी मॅट उचललं. खाली ताजा काळा रंग. त्यावर स्क्रूड्रायव्हर जरासा दाबला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. भोकातून अंगणातलं गवत दिसत होतं. "एवढा पत्रा मारला की झालं," मालक म्हणाले. तसं होत नाही. या गाडीला वेगळी चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा नाही, सगळा भार बॉडीच पेलते. तळ सडला की दारं नीट लागत नाहीत, गाडी एका बाजूला ओढते. १०८९ सीसीचं इंजिन साधं आहे, जाणता मिस्त्री ते पुन्हा बांधून देतो. सडलेल्या तळाचा खर्च मात्र गाडीच्या किमतीवर जातो. बॅटरीखालचा पत्रा, दारांच्या खालच्या कडा आणि डिकीतली स्टेपनीची जागाही अशीच तपासा.

दुसऱ्या शनिवारी पेठ नाक्यावरून वळून सांगली. मालक निवृत्त गुरुजी, पहिल्यापासून गाडी त्यांचीच. रंग विटलेला, पण तळ टणक. मी लोहचुंबक फिरवला. मागच्या डाव्या मडगार्डवर तो चिकटला नाही, म्हणजे तिथे पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी भरलेली. गुरुजींनी आपणहून सांगितलं, "१९९६ साली बैलगाडी लागली होती." ते ऐकून माझं मन ठरलं.

खरी दमछाक कागदांची. नंबर जुना, तीन अक्षरांचा. आरटीओच्या संगणकावर गाडीच नव्हती. अशा गाडीची आधी बॅकलॉग नोंद, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवणं, मग पुन्हा पासिंग, त्यानंतर नाव बदलणं. म्हणून १० हजार इसार दिला आणि बाकीचे पैसे नोंद दिसल्यावर. तुम्हीही असंच करा. २० वर्षांवरच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १० हजार झालंय, पर्यावरण कर वेगळा; घासाघीस करताना हे धरून चला. बॉडीवर कोरलेल्या चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि उमटलेला आकडा आरसीशी ताडून बघा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. आरटीओ बदलणार असेल, तर एनओसीचं, म्हणजे ना-हरकत दाखल्याचं, आधीच विचारून ठेवा. 'व्हीए' मालिकेची व्हिंटेज नोंदणी ५० वर्षांवरच्या गाड्यांनाच मिळते, आणि ती गाडी रोज वापरता येत नाही.

दीड महिन्याने गाडी आणायला गेलो. निघण्याआधी पेट्रोलचे रबरी पाइप बदलले, कारण इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाही. तेवढं कराच. सोबत पाण्याचा कॅन आणि जास्तीचा फॅन बेल्ट घेतला. ताशी साठच्या वर नेली नाही, दर तासाला थांबलो. गुरुजी फाटकाशी उभे होते. किल्ली देताना त्यांनी रुमालाने आरसा एकदा पुसला.

कराडला चहा झाला. मी किल्ली काढली, तर मामांनी हात पुढे केला. "आण इकडे," म्हणाले, "हँडलखालचा गिअर टाकून वीस वर्षं झाली."