तुम्ही विचारलंत म्हणून: नकाशातल्या रेघा जातात कुठे?

माझा नकाशा हातात घेतला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. परवा नागपूरच्या मोरभवन बसस्थानकावर एका काकूंनीही तोच विचारला, "एवढ्या बस धावतात बेटा, मग रेघा इतक्या कमी कशा? बाकीच्या गाळल्या का?"

गाळलेल्या नाहीत. नीट सांगते.

मी नागपूरच्या बसमार्गांचे नकाशे काढते. पहिल्यांदा एका महिन्याच्या जीपीएस नोंदी जशाच्या तशा उमटवल्या, तेव्हा वर्धा रोड अख्खा काळा झाला आणि बर्डीवर, म्हणजे शहराच्या मध्यावरच्या सीताबर्डीवर, शाई सांडल्यासारखा डाग पडला. व्हरायटी चौक कुठला, झाशी राणी चौक कुठला, काही कळेना. बस रोज त्याच रस्त्याने जाते, पण जीपीएस दर वेळी काही मीटर इकडेतिकडे दाखवतो, उंच इमारतींजवळ आणि पुलाखाली जरा जास्तच. मग एका रस्त्याच्या शेकडो रेघा होतात आणि त्या दुभाजकावरून, फुटपाथवरून, दुकानांवरूनही जातात. तेव्हा लक्षात आलं, ही गर्दी मार्गांची नाही. तोच मार्ग पुन्हा पुन्हा काढल्याची आहे.

"रेघा फिकट करा ना," असं बरेच जण सुचवतात. मीही केल्या होत्या. प्रत्येक रेघ दहा टक्के गडद ठेवली, तर वीस रेघा एकावर एक आल्यावर रंग 88 टक्क्यांवर जातो आणि चाळीस आल्या की 98 च्या पुढे. म्हणजे चाळीस फेऱ्यांचा रस्ता आणि चारशे फेऱ्यांचा रस्ता डोळ्याला सारखेच काळे दिसतात. नेमकं जिथे बघायचं, तिथेच फरक पुसला जातो.

म्हणून आता प्रत्येक नोंद आधी तिच्या खऱ्या रस्त्यावर बसवते आणि एका रस्त्याची एकच रेघ काढते. जितक्या फेऱ्या जास्त, तितकी ती जाड. जाडीही सरळ हिशोबाने वाढवत नाही, नाहीतर तीन फेऱ्यांची रेघ तीनशे फेऱ्यांच्या रेघेपुढे केसाएवढी उरते. चारच पायऱ्या ठेवल्या आहेत. रेघांच्या खाली अंथरलेला शहराचा नकाशा फिकट राखाडी असतो, हॉटेलं आणि एटीएम काढून टाकलेले.

जवळजवळच्या रेघा आपोआप ओढून त्यांची जुडी बांधायची एक पद्धत आहे. विमानमार्गांना ती शोभते. मी इथे वापरून पाहिली, तर उत्तर अंबाझरी रोड आणि दक्षिण अंबाझरी रोड एकमेकांकडे सरकले आणि दक्षिण अंबाझरी रोडवरच्या व्हीएनआयटी या इंजिनीअरिंग कॉलेजच्या गेटसमोरून एकही बस जाईना! प्रवाशाला नसलेल्या रस्त्यावर उभं करणारा नकाशा कितीही देखणा असला तरी मला नको.

थोडी सरकवासरकव मात्र मीही करते. वर्धा रोडवरच्या 3.14 किलोमीटरच्या डबल डेकर पुलाचंच घ्या. खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, वर मेट्रो, आणि नकाशात तिन्ही एकावर एक. छत्रपती चौकात उभ्या असलेल्या माणसाला उड्डाणपुलावरून निघून जाणारी गाडी कशी मिळणार? म्हणून मेट्रोची रेघ बाजूला घेते, पुलावरची तुटक काढते. जागा जराशी चुकते, पण बस कुठे पकडायची ते कळतं. हॅरी बेकचा लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा 1933 मध्ये छापला गेला. त्यात सगळी वळणं सरळ केलेली होती. भुयारातून बाहेरचं काही दिसत नाही, तिथे ते चालतं. बसच्या खिडकीतून चौक दिसतात, म्हणून मी वळणं फार सरळ करत नाही.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसते. नकाशा मोकळा करायचा म्हटलं की सॉफ्टवेअर आधी सगळ्यात कमी फेऱ्यांचे मार्ग गाळायला निघतं. शहराच्या टोकाच्या वस्तीला दिवसातून तीनच फेऱ्या असतात आणि तिथल्या माणसाला दुसरी बस नसते. ती रेघ मी हाताने परत घालते.

काकूंची बस तशीच होती. त्यांनी बर्डीवर बोट ठेवलं, जाड रेघेवरून पुढे नेलं, फाट्याशी थांबल्या आणि बारीक रेघेवर वळल्या. "हेच आमचं," म्हणाल्या, आणि नकाशा घडी करून पिशवीत ठेवला.