शेंडा आणि बुडखा

लहानपणी चित्रकलेच्या वहीत चर्च काढायला दोन आकार पुरायचे. खाली चौकोन, वर लांबुडका त्रिकोण आणि त्रिकोणाच्या टोकावर बेरजेचं चिन्ह. दारं-खिडक्या काढायचा कंटाळा केला तरी चालायचं. त्रिकोण विसरला तर मात्र त्याचं साधं घर व्हायचं. अख्ख्या इमारतीतला जो भाग कुणाच्याच कामाचा नाही, तोच तिची ओळख.

कामाचा नाही, हे मी विचार करूनच म्हणतेय. इंग्रजीत ज्याला स्टीपल म्हणतात त्यात खरं तर दोन वस्तू असतात. खाली मनोरा, आणि मनोऱ्याच्या डोक्यावर निमुळता होत गेलेला स्पायर. मनोऱ्याचं समजू शकतं, घंटा उंच टांगली की आवाज लांब जातो. पण वरचं ते टोक? मुळात ते पावसाचं पाणी निथळून जावं म्हणून घातलेलं छप्पर. चार उतरती पाखं एकमेकांना टेकवली की काम भागत होतं. पण बाराव्या शतकापासून युरोपातल्या गवंड्या-सुतारांनी ते छप्पर वर ताणायला घेतलं, आणि कुठे थांबायचं हे बहुधा कुणी सांगितलंच नाही. मराठीत त्याला नेमका शब्द सापडत नाही. शिखर म्हणावं तर ते अंगानं भरलेलं. कळस म्हणजे अगदी वरचा तुरा. सुळका डोंगराला शोभतो. मी आपली मनातल्या मनात 'शेंडा' म्हणते. झाडाचा शेंडाही तसा कशाला टेकू देत नाही, नुसता वर जातो.

या शेंड्याची खरी गंमत त्याच्या टोकाला नसून खालच्या चार कोपऱ्यांत असते. मनोरा चौरस, शेंडा बहुधा अष्टकोनी. चौकोनी डब्यावर आठ पाकळ्यांची टोपी बसवायची, तर कोपरे उघडे राहणारच. तेराव्या शतकातल्या इंग्लिश गवंड्यांनी तिथे दगडाचे अर्धे पिरॅमिड टेकवले; त्याला ब्रोच म्हणतात. पुढच्यांनी टोपीच आत सरकवली, भोवती कठडा बांधला आणि कोपऱ्यांवर छोटे कळस उभे केले. हे कोपऱ्यांवरचे कळस नुसती नक्षी वाटतात, पण त्यांचं वजन खालच्या भिंतीला दाबून धरतं. स्पायरचा फोटो दिसला की माझी नजर आधी या सांध्यावर जाते. गवंडी किती हुशार होता ते तिथे कळतं.

इंग्लंडमधलं सॉल्सबरीचं कॅथीड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, याच वेडापायी पाहिलं. देशातला सगळ्यात उंच शेंडा, १२३ मीटर. मूळ इमारत १२२० ते १२५८ या काळात उभी राहिली. हा उंच मनोरा आणि शेंडा आला त्यानंतर, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला. म्हणजे आधी पाया मग कळस हा क्रम पाळला, फक्त पायाला कळसाची कल्पनाच दिली नव्हती. पाया जेमतेम ४ फूट खोल, खाली रेती-खडीचा थर. त्याच्यावर नंतर सुमारे ६,५०० टन दगड चढवला. आत जाऊन मधल्या चौकातल्या खांबांजवळ उभं राहिलं की हे आकडे दिसायला लागतात. एक डोळा मिटून खांबाच्या कडेवरून वर पाहायचं. संगमरवरासारखे ते सडपातळ खांब चक्क वाकलेले आहेत, पुस्तकांच्या ओझ्यानं फळी वाकते तसे. १६६८मध्ये वास्तुविशारद क्रिस्टोफर रेननं ओळंबा सोडून पाहिलं, तेव्हा शेंडा पाऊण मीटरच्या आसपास कललेला निघाला. आणखी एक गोष्ट तिथे मला फार आवडली. जमिनीतली एक लहानशी फरशी उचलायची, काठी आत सोडायची आणि पाणी किती खोलावर लागतं ते पाहायचं. खडीतलं पाणी स्थिर तर पाया स्थिर. एवढ्या भव्य वास्तूची तब्येत पाहायची रीत ही अशी, विहिरीचं पाणी बघावं तशी.

३३२ पायऱ्या चढून गेलं की शेंड्याच्या बुडाशी पोचता येतं. तिथून वर पाहिलं आणि मी गप्प झाले. आत काहीच नाही, पोकळ. म्हणजे आहे ते लाकूडच लाकूड. बांधताना उभारलेली परांची गवंड्यांनी काढलीच नाही, ती आत तशीच आहे, दगड ओढायचा रहाटही आहे. बाहेरून अभेद्य वाटणारी भिंत वरच्या भागात फक्त वीतभर जाडीची. टोकाच्या थोडं खाली एक दार आहे. तिथून बाहेर पडून उरलेलं अंतर भिंतीतल्या लोखंडी कड्या धरून चढतात. कोण चढतात, हा प्रश्न मी विचारला नाही. पोटात गोळा आला होता.

सगळ्यांना हे जमलं नाही. फ्रान्समधल्या बोव्हे गावच्या लोकांनी १५६९मध्ये आपल्या कॅथीड्रलवर शेंड्यासकट १५३ मीटरचा मनोरा उभा केला आणि तो चार वर्षांत कोसळला, तोही सणाच्या दिवशी. लोक नुकतेच मिरवणुकीनं बाहेर पडले होते म्हणून वाचले. इंग्लंडमधल्या लिंकन गावच्या कॅथीड्रलचा शेंडा वादळात गेला, लंडनच्या जुन्या सेंट पॉल कॅथीड्रलचा विजेनं जाळला. आणि इंग्लंडमधल्याच चेस्टरफील्ड गावच्या चर्चचा पडलाच नाही, नुसता पिळला गेला. ओल्या कपड्याला पीळ द्यावा तसा हा शेंडा ४५ अंशांतून फिरलाय, शिवाय जवळजवळ ३ मीटर बाहेर झुकलाय. कारणं साधी आहेत. सांगाडा ओल्या ओक लाकडाचा, आतले तिरपे आधार कमी, अंगावर सुमारे ३३ टन शिशाचे पत्रे, त्यातून दक्षिणेची बाजू उन्हात जास्त तापते. गावकऱ्यांना हे पटत नाही. त्यांच्या मते एकदा चर्चमध्ये खरोखरची कुमारी नवरी आली, तेव्हा तिला पाहायला शेंडा वळला. पुन्हा तशी आली की सरळ होईल. अजून वाट पाहतोय बिचारा.

विजेचं प्रकरण मात्र हसण्यासारखं नाही. घंटा वाजवली की वीज पळते, अशी युरोपात कित्येक शतकं समजूत होती. म्हणून ढग गडगडले की माणूस गावातल्या सर्वांत उंच टोकाखाली जाऊन ओला दोर हातात धरायचा. १७८४मध्ये म्युनिकला छापलेल्या एका पुस्तकात याचा हिशेबच मांडलाय: ३३ वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज पडली आणि घंटा वाजवणारे १०३ जण गेले. वीजवाहक सळईची युक्ती तेव्हा माहीत होऊन तीस वर्षं उलटली होती.

जर्मनीतल्या कोलोनच्या कॅथीड्रलचं वेगळंच. तिथलं काम १२४८ला सुरू झालं, सोळाव्या शतकात पैसा आणि उत्साह दोन्ही आटले. अर्धवट मनोऱ्यावर दगड उचलायची लाकडी क्रेन तशीच राहिली, जवळपास ४०० वर्षं. शहराच्या जुन्या चित्रांत शेंड्याच्या जागी ती क्रेनच दिसते. पिढ्यान् पिढ्या त्या क्रेनकडे पाहत जगल्या आणि मेल्या. मग एकोणिसाव्या शतकात मूळ दर्शनी भागाचा मध्ययुगीन नकाशा सापडला, त्याबरहुकूम १८८०मध्ये दोन्ही शेंडे पूर्ण झाले. मला त्या ४०० वर्षांतल्या मुलांचं कुतूहल आहे. चर्चचं चित्र काढताना ती क्रेन काढत असतील का?

बिनकामाच्या वस्तूचा एवढा राग कुणाला येईल असं वाटत नाही, पण फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गमध्ये आला. तिथल्या कॅथीड्रलचा १४२ मीटरचा शेंडा १४३९पासून उभा. फ्रेंच राज्यक्रांतीतल्या काही मंडळींनी ठरवलं की एवढं उंच असणं हा समतेचा अपमान आहे, तेव्हा तो पाडा. एका लोहारानं तोड काढली. क्रांतिकारकांची लाल टोपी, भली थोरली, पत्र्याची बनवून शेंड्याला घातली. टोपी घातल्यावर तो आपल्यातलाच झाला आणि वाचला.

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलला मध्ययुगातला शेंडा होता, तो अठराव्या शतकात डगमगायला लागला म्हणून उतरवला. १८५९मध्ये वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युकनं नवा उभारला आणि पायथ्याशी संतांचे तांब्याचे पुतळे बसवले. बाकीचे संत शहराकडे पाहतात, एकटा थॉमस पाठ फिरवून शेंड्याकडे पाहतोय. त्याला चेहरा दिलाय तो व्हियोले-ल-द्युकनं स्वतःचा. २०१९च्या एप्रिलमध्ये दुरुस्तीसाठी हे पुतळे क्रेननं खाली आणले आणि चारच दिवसांनी शेंडा जळून कोसळला. निर्मात्याला ते पाहावं लागलं नाही. पुढे नवा कसा बांधायचा यावर जगभर चर्चा झाली, काचेचा बांधा, वर बाग करा. बांधूच नका असं म्हणणाऱ्यांचा आवाज मात्र क्षीण होता. शेवटी होता तसाच बांधला, ओकचं लाकूड, वर शिसं.

शेंड्याच्या टोकावरचा जुना तांब्याचा कोंबडा ढिगाऱ्यात सापडला, चेपलेला, पण ओळखू येणारा. २०२३च्या डिसेंबरात त्याच्या जागी नवा सोनेरी कोंबडा चढवला. त्याच्या पोटात एक बंद नळी आहे, आणि तिच्यात या कामावर राबलेल्या सुमारे २,००० लोकांची नावं, जमिनीपासून ९६ मीटर उंचीवर.